सांजोवेझे : इटलीची वेल, अकलूजचा मळा आणि आपला विचार



अंबड तालुक्यातील अंकुशनगर म्हटले की समर्थ सहकारी साखर कारखाना डोळ्यासमोर येतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, गोदाकाठची काळी जमीन आणि ऊस हे येथील शेतीचे जुने गणित आहे. शेजारी मोसंबीच्या बागा आहेत. जालना तालुक्यात कडवंचीसारख्या गावाने पाणलोट विकासाची कामे व शेततळ्यांच्या बळावर द्राक्षशेतीत नाव कमावले आहे. त्यामुळे "द्राक्ष लावायचेच तर वाइनचे का लावू नये?" हा प्रश्न एखाद्या होतकरू बागायतदाराच्या मनात येणे साहजिक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचे उदाहरण उपयोगी पडते. अंकुशनगरप्रमाणेच अकलूज हाही साखर कारखान्याचा परिसर. तेथे इटलीतील एका जुन्या द्राक्षजातीची बाग उभी राहिली आणि तिची वाइनही तेथेच तयार होऊ लागली. ही जात म्हणजे सांजोवेझे. तिची ओळख करून घेऊ, ती आपल्याकडे कशी वाढते ते पाहू आणि ती लावण्यापूर्वी कोणती खात्री करून घ्यावी याचाही विचार करू.

भावांचा मळा

माळशिरस तालुक्यात अकलूज परिसरातील मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथे फ्रटेली या वाइन कंपनीचे मळे आहेत. २००७ च्या सुमारास हे काम सुरू झाले. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. हे नाव सार्थ आहे, कारण भावांच्या तीन जोड्या यात एकत्र आल्या. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील रणजितसिंह व अर्जुनसिंह, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेया व अलेस्सियो सेच्ची. त्यांच्या जोडीला इटलीच्या टस्कनी प्रांतातील अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी आले.

सुमारे २४० एकरांवर १२ जातींची साडेतीन लाखांच्या घरात रोपे परदेशातून आणून लावण्यात आली. म्हणजे एकरी जवळजवळ साडेचौदाशे वेली झाल्या. कॅबरने सोव्हिन्यों, शार्दोने या जाती महाराष्ट्रात आधीपासून माहीत होत्या. परंतु इटलीकडच्या मंडळींनी आपल्या घरची म्हणून आग्रहाने आणलेली जात सांजोवेझे ही होती. 'सेत्ते' ही कंपनीची नावाजलेली तांबडी वाइन सांजोवेझे व कॅबरने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून तयार होते. 'सेत्ते' म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे वाइनतज्ज्ञ.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे मळा, वाइनरी आणि विक्री ही तिन्ही कामे एकाच हातात आहेत. वेल लावण्यापूर्वीच तिच्या द्राक्षाचे पुढे काय होणार हे ठरलेले होते.

जातीचे घराणे

सांजोवेझे ही इटलीत सर्वाधिक लावली जाणारी तांबडी द्राक्षजात आहे. टस्कनी हे तिचे माहेर. तिच्या नावाचा अर्थ परंपरेने 'जुपिटर देवाचे रक्त' असा सांगितला जातो. कियांती ही प्रसिद्ध वाइन मुख्यतः याच द्राक्षाची. तिचे मिश्रण कसे असावे हे बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ साली लिहून ठेवले आणि त्यातही सांजोवेझेलाच पहिला मान दिला.

टस्कनीतील मोंताल्चिनो या गावाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. तेथील बिओंदी-सांती घराण्यातील फेरुच्चो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मळ्यातील सांजोवेझेच्या उत्तम वेली निवडल्या, त्यांच्याच काड्यांपासून वाढ केली आणि इतर द्राक्षे न मिसळता केवळ या एका जातीची वाइन बनवली. त्या वाइनला ब्रुनेल्लो म्हणतात. १८८८ सालच्या काही बाटल्या या घराण्याने पुढे कित्येक दशके जपून ठेवल्या होत्या. आजही ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझेचीच असावी लागते.

मळ्यातील वेगळी वेल ओळखून तिची निवड करणे हे काम आपल्या शेतकऱ्यांनीही केले आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून सोनाका आणि किशमिश चोर्नीमधून शरद सीडलेस या जाती निवडल्या. तासगाव भागात तास-ए-गणेश ही जात अशाच निवडीतून आली. डोळस बागायतदार इटलीतला असो वा सोलापूरचा, त्याची नजर सारखीच असते. फरक आहे तो द्राक्षाच्या उपयोगात.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष

खाण्याच्या द्राक्षात आपण मणी मोठा, कुरकुरीत आणि बिनबियांचा असावा म्हणून धडपडतो. त्यासाठी जिबरेलिक आम्लाचा वापर करतो, घडाची विरळणी करतो. वाइनच्या द्राक्षात हे सारे उलटे आहे. सांजोवेझेचा मणी लहान, रसाळ आणि बी असलेला असतो, आणि तो तसाच हवा असतो.

याचे कारण समजून घ्यावे. तांबड्या वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा स्वाद मण्याच्या सालीतून येतो. आतील रस बहुतेक जातींत बिनरंगीच असतो. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. मणी फुगवला की वजन वाढते, परंतु वाइन फिकी व पाणचट होते. म्हणून वाइनच्या बागेत मणी फुगवणारी संजीवके वापरू नयेत.

दुसरा फरक गोडीचा. खाण्याचे द्राक्ष १७-१८ अंश ब्रिक्सला बाजारात जाते. तांबड्या वाइनसाठी साखर साधारण २२ ते २४ अंश ब्रिक्स लागते. किण्व म्हणजे यीस्ट हीच साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करते. २४ अंश ब्रिक्सच्या रसातून साधारण १३ ते १४ टक्के मद्यार्काची वाइन होते. मात्र नुसती साखर पुरत नाही, रसात आंबटपणाही टिकला पाहिजे. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते. सांजोवेझेत आम्ल मुळातच जास्त असते. आपल्यासारख्या उष्ण मुलखात हा तिचा मोठा गुण ठरतो.

तिकडची वेल इकडे कशी वागते?

टस्कनी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ४३ अंशांवर आहे, अकलूज सुमारे १८ अंशांवर. तिकडे हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, ती झोपी जाते. शेतकरी तेव्हा एकदाच छाटणी करतो, वसंतात फूट येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते.

आपल्याकडे वेल झोपत नाही, तिला छाटणीनेच वळण लावावे लागते. म्हणून इतर द्राक्षांप्रमाणे येथेही दोन छाटण्या व एक पीक ही पद्धत आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावी. त्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यात सूक्ष्म घडांची निर्मिती होते. पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी करावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींचा रंग भरण्यास उपयोग होतो. सांजोवेझे उशिरा पिकणारी असल्याने तिची काढणी फेब्रुवारी-मार्चकडे जाते.

या उशिराचा धोकाही ओळखावा. तिची साल पातळ असते. काढणीच्या सुमारास पाऊस झाला तर घड सडू लागतात. मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चची गारपीट नवी नाही. २०१४ च्या गारपिटीने आपल्या भागातील रब्बी पिके व फळबागा कशा झोडपल्या हे आपण विसरलेलो नाही. फळ छाटणी शक्य तेवढी वेळेवर घेणे आणि पीक विम्याची मुदत न चुकवणे हे दोन उपाय तरी आपल्या हातात आहेत.

जमीन, खुंट व लागवड

गोदाकाठची भारी, खोल काळी जमीन उसाला मानवते, वाइनच्या द्राक्षाला नाही. अशा जमिनीत पाणी धरून राहते, वेल माजते, पाला वाढतो आणि घडात गोडी व रंग कमी भरतो. मध्यम ते हलकी, मुरमाड, उताराची व निचऱ्याची जमीन निवडावी. जमीन चुनखडीची किंवा पाणी खारवट असल्यास माती-पाण्याचे परीक्षण केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रोपे खुंटावर कलम केलेलीच लावावीत. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या मुळांवरील किडीने मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. तेव्हापासून तेथे अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम करण्याची रीत पडली. आपल्याकडे खुंट वापरण्याचे कारण मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार हे आहे. डॉगरिज खुंट आपल्या परिचयाचा आहे, पण तो वेलीला फार जोम देतो. सांजोवेझे मुळातच जोमदार. म्हणून वाइनच्या जातींसाठी ११०-आर हा मध्यम जोमाचा खुंट अधिक पसंत केला जातो. खुंटाची निवड आपल्या मातीच्या अहवालावरून तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी.

दोन ओळींत ८ फूट व दोन वेलींत ४ फूट अंतर ठेवल्यास एकरी सुमारे १३६० वेली बसतात. वेलीला मांडवावर पसरवण्याऐवजी तारांवर उभे वळण द्यावे, म्हणजे घड एका रेषेत येतात, हवा खेळती राहते आणि केवडा, भुरी या रोगांना आळा बसतो. पाणी ठिबकनेच द्यावे. घडात रंग उतरू लागल्यानंतर पाणी बेताने द्यावे. तोडून टाकू नये, पण सोडूनही देऊ नये.

वेलीचा हव्यास आवरा

सांजोवेझेचा मोठा दोष म्हणजे तिला भरपूर घड येतात. मोकळी सोडली तर ती टनावारी माल देते, पण त्या मालाची वाइन फिकी आणि आंबट होते. इटलीत कियांतीचे नाव एके काळी खालावले, त्यामागे जास्त उत्पादनाचा हव्यास हेही एक कारण होते. ब्रुनेल्लोसाठी नियमाने हेक्टरी ८ टन एवढीच मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टनांपेक्षा किंचित कमी. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाचे एकरी ४ ते ५ टन उत्पादन योग्य समजले जाते.

एकरी चाळीस टन ऊस किंवा दहा टन खाण्याची द्राक्षे काढणाऱ्याच्या हाताला हे सहज पचत नाही. चांगला घड कापून खाली टाकताना जीव तुटतो. परंतु या पिकात शेतकरी वजनाने जिंकत नाही, गुणाने जिंकतो. प्रत्येक काडीवर एक, फार तर दोन घड ठेवून बाकीचे रंग उतरण्यापूर्वीच काढून टाकावेत. घडांजवळची काही पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावीत, दुपारच्या बाजूची ठेवावीत. अन्यथा मणी भाजतात.

काढणी व फवारणीची काळजी

काढणीच्या आधी तीन आठवड्यांपासून बागेच्या निरनिराळ्या भागांतील, घडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील मणी घेऊन साखर, आम्ल व सामू तपासावा. एकाच वेलीवरून अंदाज बांधू नये. बी तपकिरी झाले आहे का, साल चावल्यावर हिरवट तुरट लागते का, हेही पाहावे. यंत्र साखर सांगते, पण पक्वता जीभच सांगते.

काढणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी. माल प्लॅस्टिकच्या उथळ क्रेटमध्ये भरावा, दाबून भरू नये आणि त्याच दिवशी वाइनरीत पोहोचेल असे नियोजन करावे. फुटलेला मणी उन्हात राहिला की आंबण्याची क्रिया वाटेतच सुरू होते.

फवारणीबाबत विशेष दक्ष राहावे. तांबड्या वाइनमध्ये रस सालीसकट आंबवला जातो, त्यामुळे सालीवरचे सारे आत उतरते. भुरीसाठी आपण गंधक वापरतो. काढणीच्या फार जवळ गंधक मारल्यास आंबवताना कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि सगळी टाकी वाया जाऊ शकते. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ पाळावा व फवारण्यांची नोंदवही ठेवावी.

वाइनरीत काय होते?

वाइनरीत देठ वेगळे करून मणी फोडले जातात. साल, बी व रस एकत्रच टाकीत जातात आणि किण्व साखरेवर काम सुरू करते. तापमान साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस राखले जाते. साली फुगून वर येतात, त्या दिवसातून अनेकदा रसात मिसळाव्या लागतात. आठ-पंधरा दिवसांनी वाइन दाबून वेगळी काढतात. पुढे तिच्यातील तीव्र आम्ल सौम्य होऊ देतात आणि चांगली वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. एक टन द्राक्षापासून साधारण ६०० ते ६५० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या आठशे-साडेआठशे बाटल्या वाइन मिळते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. इटलीत शेतकरी कुटुंबे घरी वाइन बनवतात, ती त्यांची परंपरा आहे. महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन बनवणे हा गुन्हा आहे. प्रयोग म्हणूनही तसे करू नये.

आधी गिऱ्हाईक, मग वेल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली आणि अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. पुढे २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घटली. वाइनरींकडे माल पडून राहिला, खरेदी थांबली आणि कितीतरी शेतकऱ्यांना उभ्या बागा मोडाव्या लागल्या. त्यांच्या शेतीत खोट नव्हती. द्राक्ष चांगले पिकले होते, पण ते घेणारा उरला नव्हता.

खाण्याच्या द्राक्षाला मुंबईत भाव नसला तर ते नागपूरला जाते, नाही तर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला ही वाट नाही. ते लहान, बियांचे आणि आंबट, बाजारात कोणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. ऊस उत्पादकाला एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणे म्हणजे काय हे सांगायला नको. तोडणी लांबली की वजन कसे घटते हे अंकुशनगर परिसरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पण उसाला निदान कायद्याने ठरलेला रास्त व किफायतशीर दर आहे, आणि ऊस काही दिवस शेतात उभा राहू शकतो. वाइनच्या द्राक्षाला तसा हमी दर नाही आणि पक्व घड आठवडाभरही थांबत नाही.

म्हणून लागवडीपूर्वी पुढील बाबींची खात्री करून घ्यावी.

१) वाइनरीशी लेखी करार झाला आहे का? तो किती वर्षांचा आहे? वेल दोन-तीन वर्षांनी उत्पादनास येते व पुढे पंधरा वर्षे उभी राहते. दोन वर्षांचा करार तिला पुरत नाही.

२) जात, खुंट व कलमाची काडी कोणती हे करारात लिहिले आहे का? एकाला हवी ती जात दुसऱ्या वाइनरीला नको असू शकते.

३) दर कशावर ठरणार? वजनावर, साखरेवर की दोन्हींवर? साखर कोण, कोठे व कोणासमोर मोजणार?

४) काढणीची तारीख वाइनरीने पुढे ढकलली तर घटलेल्या वजनाचा तोटा कोणाचा?

५) माल नाकारण्याची कारणे स्पष्ट आहेत का? पैसे किती दिवसांत मिळणार?

६) वाइनरी किती अंतरावर आहे? जालन्याहून नाशिक किंवा अकलूजपर्यंत मार्चच्या उन्हात माल नेणे हा खर्च आणि जोखीम दोन्ही आहे.

७) उन्हाळ्यात पाण्याची सोय आहे का? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. शेततळ्याशिवाय नवी बाग उभारू नये.

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे प्रश्न विचारण्याची गरज नाही. अशा वेळी खाण्याच्या द्राक्षाचा किंवा आपल्या परिचयाच्या मोसंबीचाच विचार करावा. करार मिळत असेल तरी प्रथम अर्ध्या ते एक एकरापासून सुरुवात करावी. जातीची निवड, खुंट व फवारणीचे वेळापत्रक याबाबत पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा.

अकलूजला सांजोवेझे रुजली त्यामागे केवळ माती आणि हवामान नव्हते. तिला ओळखणारी माणसे तिच्यासोबत आली होती. तिचे घड किती ठेवायचे, केव्हा तोडायचे, रसाचे काय करायचे आणि बाटली कोणाला विकायची हे त्यांनी आधीच ठरवले होते. मोंताल्चिनोच्या घराण्यानेही पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. रोप विकत मिळते, घराणे विकत मिळत नाही. ते नसेल तर निदान त्याची जागा घेणारा पक्का, लेखी करार आपल्या हाती असावा. मगच खड्डा खणावा.